काठावरची अक्षरे

लिलावघरांच्या याद्या चाळण्याचा ज्यांना नाद आहे त्यांना एक वर्णन पुनःपुन्हा भेटले असेल : ‘हिंद-इराणी कांस्य वाडगा, पुरातन, संग्राहकांसाठी.’ सोबत वाडग्याचे चित्र असते, त्याच्या काठाभोवती अरबी लिपीतील अक्षरांची पट्टी फिरलेली असते, पोटावर वेलबुट्टी असते, काळ म्हणून सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचा, म्हणजे दोन-तीन राज्ये उदयास येऊन लयासही जावीत इतका ऐसपैस अवधी दिलेला असतो, आणि सर्वांत खाली किंमत. घेणाऱ्याचे एवढ्यावर समाधान होत असेल तर तो त्याच्या खिशाचा प्रश्न झाला. परंतु ज्या मुलखांतून असे वाडगे बाहेर गेले त्यांपैकी एका मुलखात राहणाऱ्या आपण ते वर्णन जरा निरखून वाचले, तर त्यातला ‘वाडगा’ हा शब्द सोडून एकही शब्द शपथेवर घेण्याजोगा नाही असे ध्यानात येईल. मला तर पुष्कळदा वाटते की, ती वस्तू कोणाच्या घरातून, कोणत्या गावाहून, कोणत्या निमित्ताने बाहेर पडली याचा दाखला ठेवण्यात जी कसूर झाली, तिच्यावर घातलेले रेशमी पांघरूण म्हणजे ‘हिंद-इराणी’ हे विशेषण होय. आणि या कसुरीत व्यापाऱ्याचा वाटा असला तरी मोठा वाटा आपला, घरच्यांचा आहे.

प्रथम धातूचेच पाहू. तांब्यात कथील मिसळले की कासे होते, जस्त मिसळले की पितळ होते. हा भेद आपल्याकडील कोणत्याही कासाराला वा ओताऱ्याला ठोका देऊन सांगता येत असे. हिंद-इराणी म्हणून बाजारात येणाऱ्या भांड्यांपैकी बरीचशी पितळेची किंवा आतून-बाहेरून कल्हई केलेल्या तांब्याची असतात. पण ‘कांस्य’ या शब्दाला मूर्तिकलेचा आणि प्राचीनत्वाचा जो दरवळ आहे तो बिचाऱ्या ‘पितळ’ शब्दाला नाही, आणि म्हणून दुकानाच्या फळीवरचे पितळ यादीत शिरताना कांस्य होऊन शिरते. खऱ्या काशाची गोष्ट निराळी. ज्यात शंभर भागांत कथील बाविसाच्या आसपास असते ते कासे थंड असताना ठोकले तर तडकते. ते लालबुंद तापवून घडवावे लागते आणि तसेच तापलेले पाण्यात बुडवून त्याचा ठिसूळपणा घालवावा लागतो. नीलगिरीतील प्राचीन दफनांत अशा काशाच्या पातळ, देखण्या वाट्या सापडल्या असून त्यांपैकी काही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. इराणात याच धातूला त्याच्या चकचकीत पांढुरक्या अंगामुळे ‘सफीदरू’ असे नाव होते आणि अकराव्या शतकात अल्बेरुणीने रत्ने व धातू यांवरील आपल्या ग्रंथात त्याचा उल्लेख केलेला आहे. या धातूची ओळख आपल्याला ग्रंथावाचून आहे. उन्हाळ्यात किंवा तापानंतर तळपायांना तूप लावून जी काशाची वाटी आजी घासत असे, आणि घासता घासता जिचे बूड काळे पडले की ‘उष्णता उतरली’ असा निर्वाळा देत असे, ती वाटी त्याच कुळातली.

काशाच्या वाटीला नखाने टिचकी मारली तर ती बराच वेळ नादत राहते, आणि या नादापाशी मराठी भाषेतला एक शब्द येऊन थांबतो. फारसीत वाटी-कटोऱ्याला ‘तास’ म्हणतात. तो शब्द मराठीत आला तो ठोके देण्याच्या काशाच्या थाळीचे नाव होऊन. त्या थाळीवर घटका-प्रहर वाजवीत असल्यामुळे पुढे थाळीचे नाव काळाला लागले, आणि आज मनगटावरील घड्याळात आपण जे चोवीस तास मोजतो ते मूळचे एक भांडे आहे हे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. तो काळ मोजला जाई तोही भांड्यानेच. बुडाला सूक्ष्म छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र घंगाळातील पाण्यावर सोडावे, चोवीस मिनिटांत ते भरून बुडावे, आणि उपाध्यायांनी एक घटका सरली म्हणून पुकारावे, हा विधी लग्नघरी पाहिलेली माणसे अद्याप हयात आहेत. बाबराला हिंदुस्थानात आल्यावर या व्यवस्थेचे इतके कुतूहल वाटले की त्याने आपल्या आत्मवृत्तात छिद्राची वाटी आणि उंच जागी टांगलेली दोन बोटे जाडीची पितळी थाळी या दोहोंचे तपशीलवार वर्णन करून ठेवले आहे. मोजणारे पात्र संस्कृत नावाचे, सांगणारा तास फारसी नावाचा, आणि दोन्ही एकाच नगारखान्यात नांदणारे : हिंद-इराणी म्हणावयाचेच तर मी प्रथम या जोडीला म्हणेन, आणि तिची किंमत कोणत्याही यादीत सापडणार नाही.

असो. विषय वाडग्याचा आहे, आणि त्याच्या वर्णनातला सर्वांत लबाड शब्द ‘कांस्य’ हा नसून ‘हिंद-इराणी’ हाच आहे. काश्मीर व पेशावर येथील कल्हईदार तांब्याची कोरीव भांडी एकोणिसाव्या शतकापासून बाहेरच्या प्रवाशांच्या सामानातून युरोपात गेली आणि तेथे ती सर्रास इराणी म्हणून खपली. मुरादाबादच्या कारागिरांनी पितळेवर कल्हई करून, नक्षी खोदून, खोदलेल्या जागेत काळी लाख भरण्याचे ‘सियाह कलम’ नावाचे काम इतक्या सफाईने केले की, तेही पुढे कोणी दमास्कसचे ठरवले, कोणी इस्फहानचे. मुरादाबादेचे नाव सांगण्यात कमीपणा काय होता ते कळत नाही, पण नाव बदलले की आकडा बदलतो हे व्यापाराचे जुने शास्त्र आहे. या कल्हईमागे नुसता शोभेचा हेतू नव्हता. सोन्यारुप्याच्या भांड्यांत खाणेपिणे इस्लामी धर्माचारात निषिद्ध मानले गेल्यामुळे रुप्याचे तेज हवे पण रुपे नको, ही अडचण कथिलाने सोडवली. आणि आपल्याकडे आंबट पदार्थ कळकू नये म्हणून नवसागराची भुकटी व कथिलाची कांडी घेऊन दारोदार फिरणाऱ्या कल्हईवाल्याने त्याच कथिलाने स्वयंपाकघराची अडचण सोडवली. एका मुलाम्यात असे दोन हेतू मिसळलेले असताना भांडे कोणत्या धर्माच्या घरचे, हे केवळ चकाकीवरून ठरवू पाहणारे पंडित मला फार धाडसी वाटतात.

आणि मग दख्खन. 1347 साली बहामनी राज्य स्थापन झाल्यापासून पुढची तीन शतके इराणातून कवी, वैद्य, मुत्सद्दी, व्यापारी, कारागीर यांची जी रीघ आपल्या बंदरांवाटे या पठारावर लागली, तिची कल्पना बीदरच्या मदरशाच्या पडक्या पण अजून निळ्या चिनी मातीच्या फरश्या अंगावर वागवणाऱ्या मनोऱ्यावरून येते. तो मदरसा 1472 साली उभारणारा महमूद गावान गिलानचा. अहमदनगरात शाह ताहिर नावाचा इराणी विद्वान येतो आणि त्याच्या प्रभावाने बुऱ्हाण निजामशहा 1537 साली शिया पंथ स्वीकारतो. आणि शिया दरबारांच्या या मुलखात अलींचा धावा करणारी ‘नादे अली’ ही प्रार्थना धातूवर कोरली जाते. बीदरच्या कारागिरांनी जस्ताचे प्रमाण अत्यधिक असलेल्या मिश्रणात रुप्याची तार ठोकून बसवावयाची आणि मग किल्ल्यातील जुनी माती लावून ते काळे करावयाचे, ही जी किमया साधली ती इराणाकडून आली की येथेच उपजली यावर वाद घालणारे घालोत. जिला आज सारे जग बीदरी म्हणून ओळखते तिला आपल्या गावाचे नाव टिकवता आले, हे तिचे भाग्य. बाकीच्या भांड्यांना ते लाभले नाही. 2015 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात दख्खनच्या सुलतानांच्या कलेचे स्वतंत्र प्रदर्शन भरले तेव्हा कुठे पुष्कळांना उमगले की मोगल आणि इराणी या दोन कप्प्यांखेरीज तिसराही एक कप्पा आहे, आणि तो आपल्या पायांखालच्या मुलखाचा आहे.

भाषेने मात्र ही नोंद इमानेइतबारे ठेवली. पेला, सुरई, तबक, रकाबी, तस्त, गुलाबदाणी, पिकदाणी, फार काय देवघरातली समईसुद्धा, ही सारी मंडळी फारसीच्या वाटेने आपल्या घरात आली आणि अशी काही रुळली की शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून दफ्तरातील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले तरी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी तो हुकूम थांबला. माधव जूलियन यांनी 1925 साली प्रसिद्ध केलेला फारसी-मराठी कोश उघडून पाहावा. भांड्याकुंड्यांच्या या पाहुण्यांचे मूळ गाव त्यात एकेक करून सापडते. शब्दाला पत्ता आहे, वस्तूला नाही, अशी ही विपरीत स्थिती.

वस्तूलाही पत्ता असतो, पण तो वाचावा लागतो. आणि तो असतो काठावरच्या त्या अक्षरांत, ज्यांना यादीत ‘सुंदर सुलेखन’ एवढेच म्हटलेले असते. कधी ती कुराणातील आयत असते, कधी मद्य आणि मैत्री यांवरचा एखादा फारसी शेर, कधी चौकोनी घरांत मांडलेले आकडे. असे आयती आणि आकडे कोरलेले पुष्कळ वाडगे औषधाचे असतात. अशा वाडग्यात पाणी ओतून ते रोग्याला, विंचू चावलेल्याला, अडलेल्या बाळंतिणीला पाजीत. अक्षरांवरून वाहिलेल्या पाण्यात अक्षरांचा गुण उतरतो ही श्रद्धा. इराणात यातल्याच एका प्रकाराला चाळीस छोट्या पत्र्या लटकवलेल्या असत व त्याला ‘चिहिल किलीद’, म्हणजे चाळीस किल्ल्यांचा वाडगा, म्हणत. या श्रद्धेला हसणे सोपे आहे. पण ज्या घरात अंगारा पाण्यात कालवून देत आणि गंगेच्या गडूचे सील मरणाच्या वेळी फोडीत, त्या घराने हसण्यापूर्वी थोडे थांबावे. मला एवढेच म्हणावयाचे की, असा वाडगा दिवाणखान्यात फळे ठेवण्यासाठी विकत घेणाऱ्याला, त्यातून एका जिवाच्या अवघड घटकेला पाणी पाजले गेले होते हे कोणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते.

याहून मोलाची अक्षरे म्हणजे मालकाची. फारसी भांड्यांवर ‘साहिबुहू’, म्हणजे ‘याचा धनी’, असे कोरून पुढे नाव घातलेले आढळते. आपला ‘साहेब’ तो हाच. हेरात येथे 1163 साली ओतलेली, रुपे व तांबे जडवलेली एक स्नानाची बादली रशियातील हर्मिटाज संग्रहालयात आहे. ती हिंदुस्थानातील नव्हे, निव्वळ खुरासानी; पण तिच्यावर करविणारा कोण, ओतणारा कोण, नक्षी काढणारा कोण आणि ती ज्याच्यासाठी केली तो धनी कोण, या चौघांचीही नावे हिजरी सनाच्या महिन्यासकट कोरलेली आहेत. पंचनाम्यात याहून अधिक काय असते? साडेआठशे वर्षांनंतर ती बादली जगात कोठेही नेऊन ठेवली तरी आपली जबानी आपण देते. आणि ही चाल आपल्याला काही परकी नाही. लग्नात आलेल्या प्रत्येक पेल्यावर, परातीवर, तांब्यावर नाव, तिथी वा तारीख आणि ‘सप्रेम भेट’ घातल्यावाचून मराठी माणसाला चैन पडत नसे. ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून देणारा इसम भांड्यांच्या दुकानाबाहेर बसलेलाच असे. जामदारखान्यात जिन्नसवार मोजदाद करून ठेवणाऱ्या कारकुनाची ती घरगुती आवृत्ती होती.

सन वाचतानाही जपावे लागते. वाडग्यावर 1015 असा आकडा दिसला की यादी लिहिणारा त्याला हिजरी समजून 1606 साल मांडून मोकळा होतो. परंतु दख्खनच्या कागदपत्रांत व शिलालेखांत शुहूर सन चालत असे, आणि शुहूर 1015 म्हणजे 1614-15. आठ वर्षांचा हा फरक लहान वाटेल. पण त्या आठ वर्षांत अहमदनगरच्या राज्यात मलिक अंबराचा जम बसला, राजधानी हलली, माणसे बदलली. पेशवे दफ्तराच्या धुळीत डोळे घालवलेल्या आपल्या इतिहाससंशोधकांना जे हाताच्या मळाइतके सोपे होते, ते ज्ञान वाडग्यांच्या बाजारात अद्याप पोहोचलेले दिसत नाही.

आता घरची गोष्ट सांगतो. जुन्नरकडील आमच्या आजोळी तांदूळ मापण्याचा एक पसरट वाडगा होता. बाहेरून पिवळा, आतून कल्हईचा, आणि काठाखाली एक लिखाणाची ओळ. ‘ती मुसलमानी अक्षरं आहेत,’ एवढेच आजी सांगे, आणि वाडगा पूर्वी कोणा वतनदाराकडून गहाण आला होता अशी एक ओझरती आठवण. दर दिवाळीला तो चिंच आणि राख लावून, काथ्याने घासूनपुसून लख्ख केला जाई. आम्ही मुले चढाओढीने घाशीत असू, आणि ज्याचे भांडे अधिक चमकेल त्याला पहिला लाडू. माझ्या लहानपणी ती अक्षरे बोटाला लागत. मी कॉलेजात गेलो तेव्हा ती नुसती दिसत. पुढे दिसेनाशीही झाली. स्टीलचा जमाना आला तेव्हा मामींनी इतर जुन्या पितळेबरोबर तो वाडगा मोडीत घातला आणि त्या बदल्यात सहा ताटे आणली. मामींचा दोष नाही. त्या वाडग्याला घरात कोणी नाव दिले नव्हते, कोणी त्याची ओळ एका कागदावर उतरवून ठेवली नव्हती, गावात फारसी वाचणारे मौलवी होते त्यांच्यापर्यंत तो कोणी नेला नव्हता. मोडीची पावती मात्र आजोबांच्या जमाखर्चात टाचलेली राहिली : जुने पितळ, सातशे साठ ग्रॅम.

म्हणून संग्राहकाला सरसकट नावे ठेवणाऱ्यांत मी नाही. तो नसता तर जे वाडगे आज काचेमागे आहेत त्यांतले पुष्कळ भट्टीत गेले असते. पुण्याच्या कै. दिनकर गंगाधर केळकरांनी 1920 च्या सुमारास जमवाजमव सुरू केली तेव्हा दिवे, अडकित्ते, गंजिफा, स्वयंपाकाची भांडी असल्या घरोघरच्या वस्तूंना कोणी हिंग लावूनही विचारीत नव्हते. त्यांनी त्या गावोगाव हिंडून मिळवल्या आणि 1962 साली आपला संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. संग्राहकाने असे असावे. परंतु जो संग्राहक व्यापाऱ्याला ‘किती जुना?’ एवढेच विचारतो आणि ‘कोठला? कोणाचा?’ हे विचारीत नाही, तो पैसे मोजून दाखला पुसण्यास मदत करतो. कारण गावाचे नाव सांगितल्याने किंमत वाढत नसेल तर व्यापारी ते कशाला सांगेल? उलट नाव सांगितले तर चौकशी व्हायची भीती. उद्या घेणारेच अडून बसले, की दाखल्यावाचून वाडगा निम्म्या किमतीलाही नको, तर परवापासून दाखले येऊ लागतील. त्यांतले काही खोटे असतील हेही मी जाणतो. पण खोटा दाखला तपासता येतो, नसलेला दाखला तपासता येत नाही.

सरकारचे काय, असे कोणी विचारील. 1972 चा पुरावस्तू कायदा 1976 पासून अमलात आहे. शंभर वर्षांहून जुनी अशी कलाकुसरीची वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करावयाचा तर परवाना लागतो. कायद्याचा हेतू निःसंशय चांगला. पण सामान्य गृहस्थाच्या मनात त्याची एक अस्पष्ट धास्ती तेवढी शिल्लक आहे, की जुने काही घरात आहे असे बोललो तर सरकारी माणूस दारात उभा राहील; आणि या धास्तीपोटी तो बोलत नाही, गुपचूप मोडीत घालतो. 2007 साली पुरावस्तूंच्या राष्ट्रीय नोंदीसाठी अभियान उभारले गेले खरे, परंतु त्या नोंदीचा ओघ संग्रहालयांकडे आणि संस्थांकडे. सासवडच्या किंवा पैठणच्या माजघरातील फडताळापर्यंत तो पोहोचावा कसा? माझी सूचना साधी आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या संग्रहालयात वर्षातून आठ दिवस असे ठेवावेत की, कोणीही आपले भांडे घेऊन यावे, फारसी-अरबी जाणणाऱ्याने ते वाचावे, छायाचित्र काढावे, घराण्याची हकीकत लिहून घ्यावी, आणि भांडे मालकाच्या हाती परत द्यावे, ते जप्त होणार नाही अशा लेखी हमीसह. खर्च म्हणाल तर एका उद्घाटन समारंभाच्या मांडवाइतका.

तोवर वाचकांना विनंती आहे. घरात काठावर अक्षरे असलेले जुने भांडे असेल तर या दिवाळीत त्याला चिंच लावू नका, राखही नको. ओल्या फडक्याने पुसा, कोरडे करा. अक्षरांवर पातळ कागद धरून वरून शिसपेन्सिल आडवी फिरवा, ओळ कागदावर उठेल. त्या कागदाच्या मागे भांडे कोणाकडून आले, कोणत्या गावाहून आले, घरात त्याचा काय उपयोग होत असे, हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून लिहा, तारीख घाला, आणि तो कागद घडी करून त्या भांड्यातच ठेवा.